आधी पूल, मग मोजणी

नाशकात पत्ता सांगायचा तर चौक लागतोच. मायको सर्कलवरून आत शिरा, एबीबीला उजवीकडे वळा, जेहानच्या पुढे थांबा, द्वारकेला उतरा, बिटकोला रिक्षा बदला. मायकोची बॉश होऊन बरीच वर्षं झाली, सर्कल मात्र मायकोचंच राहिलं. आणि जिथे सर्कल नाही तिथे नाका आहे, फाटा आहे किंवा बोगदा आहे.

या सगळ्यांत द्वारका सर्वांत अवघड. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. त्यात जुन्या नाशकातून, सारडा सर्कलकडून आणि वडाळ्याकडून येणारी वाहनं मिसळतात. डोक्यावर उड्डाणपूल. त्याच्या खांबांच्या सावलीत सिन्नर-संगमनेरकडे जाणारे प्रवासी पिशव्या सांभाळत उभे असतात. रिक्षावाले ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ करत पुढचं चाक रस्त्यात घालून ठेवतात. सिटीलिंकची बस थांब्यापासून दोन हात लांब उभी राहते, कारण थांब्याची जागा आधीच कुणीतरी अडवलेली असते. वाट मिळाली की चारी बाजूंचे एकदम निघतात आणि मधोमध एकमेकांसमोर येऊन अडकतात. मग वाहतूक हवालदार शिट्टी तोंडात धरून एकेकाला हातानं सोडवतो.

पायी चालणाऱ्यांसाठी द्वारकेला भुयारी मार्ग बांधलेला आहे. लोक त्यातून जात नाहीत. पायऱ्या उतरायच्या, कोंदट अंधारातून चालायचं, पुन्हा तेवढ्याच पायऱ्या चढायच्या, तेही हातात ओझं आणि कडेवर पोर असताना. त्यापेक्षा हात दाखवत गाड्यांमधून वाट काढणं त्यांना परवडतं. त्यामुळे आराखड्यात पादचाऱ्याची सोय झालेली दिसते आणि प्रत्यक्षात पादचारी होता तिथेच राहिला आहे.

वरचा उड्डाणपूल २०१३ साली खुला झाला. पिंपळगाव-नाशिक-गोंदे या टप्प्याच्या सहापदरीकरणातलं ते सर्वांत देखणं काम. सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या या पुलामुळे मुंबईहून धुळ्याकडे निघालेला ट्रक नाशिकचा एकही सिग्नल न पाहता शहर ओलांडतो. पुढे के. के. वाघ महाविद्यालय ते हॉटेल जत्रा असा आणखी पूल झाला. पुलानं त्याला सांगितलेलं काम चोख केलं, याबद्दल वाद नाही. पण त्याला सांगितलेलं काम होतं सरळ जाणाऱ्याला सरळ जाऊ देण्याचं. द्वारकेचा त्रास वळणाऱ्यांचा होता. पुण्याहून येऊन पंचवटीकडे वळणारा, जुन्या नाशकातून निघून नाशिकरोडकडे जाणारा, वडाळ्याहून येऊन मुंबई नाक्याकडे निघालेला, हे सगळे पुलाखालीच राहिले. शिवाय खांबांनी त्यांची थोडी जागाही घेतली.

चौकाची गाठ कशी पडते हे समजून घ्यायला इंजिनिअर होण्याची गरज नाही. चार रस्त्यांचा साधा चौक कागदावर काढावा आणि प्रत्येक दिशेनं येणारी गाडी सरळ, डावीकडे आणि उजवीकडे कशी जाईल याच्या रेषा ओढाव्यात. त्या रेषा ३२ ठिकाणी एकमेकींना भेटतात. वाहतूक अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकातला हा पहिल्या काही पानांवरचा आकडा. त्यातल्या १६ ठिकाणी रेषा एकमेकींना छेदतात, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कुशीत बसण्याची शक्यता तिथे असते. या १६ पैकी बहुतेक जागा एकट्या उजव्या वळणामुळे तयार होतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या सगळ्यांचा रस्ता कापावा लागतो.

सिग्नलवर याचा हिशेब वेळेत मोजावा लागतो. उजवं वळण सांभाळायचं म्हणून आपल्याकडे बहुतेक सिग्नल एका वेळी एकाच बाजूला सोडतात. दोन मिनिटांची फेरी धरली तर प्रत्येक बाजूच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट येतं आणि दीड मिनिट नुसतं ताटकळणं. उजवं वळण चौकातून काढून दुसरीकडे नेलं, तर समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सोडता येतात आणि तेवढ्याच फेरीत प्रत्येकाचा वाटा जवळपास दुप्पट होतो. ना रस्ता रुंद करावा लागतो, ना पूल बांधावा लागतो. जगभर गेल्या साठ वर्षांत चौकांच्या ज्या नव्या रचना निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच याच एका युक्तीच्या तऱ्हा आहेत.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास १९६०च्या दशकात हे सुरू झालं. तिथले लोक उजवीकडून चालतात, त्यामुळे त्यांचं अवघड वळण डावं. आपल्या भाषेत सांगायचं तर मिशिगन राज्यानं मोठ्या चौकांत उजवीकडे वळायला बंदी केली. ज्याला वळायचं त्यानं सरळ पुढे जावं, दुभाजकात ठेवलेल्या जागेतून यू-टर्न घ्यावा आणि परत येऊन डावीकडे वळावं. नॉर्थ कॅरोलायनानं हायवेवरच्या फाट्यांना हीच शिस्त लावली. आडरस्त्यावरून येणाऱ्याला महामार्ग थेट ओलांडताच येत नाही, आधी डावीकडे जा, मग यू-टर्न घे. मेक्सिकोच्या फ्रान्सिस्को मिएर या अभियंत्यानं आणखी धाडसी तोडगा काढला. वळणाऱ्या गाड्यांना चौकाच्या शे-दोनशे मीटर आधीच समोरच्या रस्त्यापलीकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे चौकात पोहोचेपर्यंत त्यांची अडचण संपलेली असते. मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये २००९ साली महामार्गावरच्या पुलाजवळ दोन्ही बाजूंच्या गाड्या चक्क उलट्या बाजूला नेण्याची रचना झाली. ऐकताना अंगावर काटा येतो, पण असलेला पूल न रुंदावता काम भागलं. तशीच रचना फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ १९७०च्या दशकापासून होती. चालक गोंधळतील या भीतीपोटी अमेरिकी महामार्ग प्रशासनानं आधी लोकांना सिम्युलेटरमध्ये बसवून त्या उलट्या रस्त्यावरून चालवून पाहिलं होतं.

आणि मग वर्तुळं. नाशिककरांना वर्तुळांचं कौतुक सांगायला गेलं तर ते हसतील, कारण इथलं वर्तुळ म्हणजे चारी बाजूंनी चढाई करायचा किल्ला. पण ब्रिटनमध्येही १९६६पर्यंत हेच होतं. आत शिरणारा जबरदस्तीनं घुसायचा, आत असलेला अडकायचा आणि अख्खं वर्तुळ जाम व्हायचं. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्यानं केलेल्या अभ्यासानंतर त्या वर्षी नियम बदलला. वर्तुळात आधीपासून फिरत असलेल्याचा हक्क पहिला, बाहेरच्यानं थांबायचं. तोपर्यंत जी वर्तुळं तुंबत होती, तीच या एका नियमानं चालू लागली. एकेरी मार्गिकेच्या छोट्या वर्तुळात ३२ धोक्याच्या जागांच्या ८ होतात, आणि त्या आठही अशा, की धडक बसली तरी तिरकी आणि कमी वेगाची. इंडियाना राज्यातल्या कार्मेल या गावानं महापौर जेम्स ब्रेनर्ड यांच्या काळात दीडशेच्या आसपास वर्तुळं बांधून सिग्नल जवळजवळ हद्दपार केले.

भारतातही नियम तोच आहे. १९८९च्या रस्ता नियमावलीत चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी असं स्वच्छ लिहिलं होतं. नाशिकच्या सर्कलांवर हा नियम कुठे दिसतो? मुंबई नाक्यावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून शोधावा. गाडीचं नाक आधी घालेल त्याची वाट, हाच कायदा चालतो.

मुंबई नाक्याला आणखी एक गुंता आहे. सप्टेंबर २०२४मध्ये तिथे महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांचं भव्य स्मारक उभं राहिलं. स्मारक शहराला भूषण आहे. पण पुतळा बसला की वर्तुळाचा व्यास इंजिनिअरच्या हातात राहत नाही, हेही तितकंच खरं. मधल्या बेटावर माणसानं जाऊच नये अशी वर्तुळांच्या रचनेची पहिली अट असते. जयंती-पुण्यतिथीला हार घेऊन येणारी माणसं मात्र रस्ता ओलांडून बेटावरच जाणार, आणि त्यांनी जायलाच हवं. मग त्यांच्यासाठी वाट कुठून काढायची याचं उत्तर आराखड्यात आधीच असायला लागतं.

एवढ्या तऱ्हा उपलब्ध असताना कोणता चौक कुठे बसवायचा हे ठरवतं कोण, आणि कसं? अमेरिकेतल्या राज्यांनाही हा प्रश्न जाचत होताच. तिथेही वर्षानुवर्षं सवयीनं सिग्नल बसवले जात, सवयीनं पूल बांधले जात. २०१०मध्ये त्यांच्या महामार्ग प्रशासनानं या पर्यायी रचनांवर एक जाडजूड माहितीग्रंथ काढला. त्यानंतर एकेका राज्यानं स्वतःवर एक बंधन घालून घेतलं. कॅलिफोर्नियानं ते २०१३मध्ये घेतलं. चौक बदलायचा असेल तर आधी सगळे शक्य पर्याय मांडायचे. सिग्नल, वर्तुळ, यू-टर्नची रचना, पूल, काहीच न करणं, सगळे. पहिल्या चाळणीत गर्दीचे आकडे आणि जागा यांच्या आधारे न जमणारे गाळायचे. दुसऱ्या चाळणीत उरलेल्यांचा अपघातांचा अंदाज, वाट पाहण्याचा वेळ, खर्च, पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांची सोय यांची तुलना करायची. आणि जो पर्याय गाळला तो का गाळला, हे लेखी नोंदवायचं. खरी गंमत या शेवटच्या अटीत आहे. आमदाराला पूल हवाय म्हणून पूल, हे कारण कागदावर लिहिता येत नाही.

तिकडेही राजकारण नाही असं मानू नये. वर्तुळ बांधायचं ठरलं की गावोगाव विरोध होतो, दुकानदार घाबरतात, म्हातारे चालक तक्रारी करतात. तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं लोकांचं मत बांधकामाआधी आणि नंतर विचारून पाहिलं, तेव्हा आधी नकार देणाऱ्यांतले बरेचजण वापरायला लागल्यावर बाजूनं झाले.

भारतीय आकडे नाहीत असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तिका वर्तुळांबद्दल १९७६पासून सांगते की सगळ्या बाजूंनी मिळून तासाला साधारण ३,००० वाहनांपर्यंत वर्तुळ नीट चालतं, त्यापुढे ते गुदमरू लागतं. पुलाचा, म्हणजे दोन पातळ्यांवर रस्ते वेगळे करण्याचा विचार कधी करावा, याचा उंबरठा तासाला १०,००० पीसीयूचा. पीसीयू म्हणजे सगळ्या वाहनांना मोटारीच्या मापानं मोजायची पद्धत. मोटार एक, दुचाकी अर्धी ते पाऊण, रिक्षा सव्वा ते दोन, बस-ट्रक दोन ते पावणेचारपर्यंत आणि ट्रॅक्टर-ट्रॉली चार ते पाच. म्हणजे सकाळी पंचवटीच्या बाजार समितीकडे टोमॅटो-कोथिंबीर घेऊन निघालेला एक ट्रॅक्टर, मोजणीच्या वहीत चार-पाच मोटारींएवढा. नाशिकच्या चौकाचं गणित पुण्या-मुंबईच्या चौकासारखं मांडून चालत नाही ते यासाठी. इथे लिलावाच्या वेळा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शिफ्ट आणि शाळांच्या घंटा एकत्र वाजतात.

या मोजणीचं मोल मायको सर्कलवर दिसलं. त्र्यंबक रस्त्यावरचा हा चौक आणि सिडकोतला त्रिमूर्ती चौक, दोन्ही ठिकाणी उड्डाणपूल बांधायचं महापालिकेनं ठरवलं. मिळून अडीचशे कोटींच्या घरातला खर्च. मंजुरी झाली, निविदा निघाल्या, आणि मग शहर विचारू लागलं की या चौकांना पूल लागतो हे मोजलं कुणी? २०२२च्या सुरुवातीला वाद झाडांवर आला. आराखड्याच्या वाटेत शेकडो झाडं येत होती आणि उंटवाडीला म्हसोबाजवळचा सुमारे दोनशे वर्षांचा वड होता. पर्यावरणप्रेमी झाडाखाली जमले. त्या वेळचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी वड वाचवायला आराखडा बदलण्याची सूचना केली. हळूहळू पूलच मागे पडले. आज मायको सर्कलवर पूल नाही, उंटवाडीला वड मात्र आहे.

वडानं पूल अडवला ही गोष्ट सांगायला छान आहे, पण त्यात एक खोट आहे. वड नसता तर? तर बहुधा पूल झाला असता, आणि तो हवा होता की नव्हता हे तेव्हाही कुणी सांगू शकलं नसतं. बरं, पूल रद्द झाल्यावर मायको सर्कलचा प्रश्न काही सुटला नाही. पुलाऐवजी काय, याची तुलना समोर आलीच नाही. जणू चौकासाठी दोनच पर्याय असतात, अडीचशे कोटी किंवा शून्य.

मधल्या पर्यायांना वाली नसतो, कारण चौकाला एक मालक नसतो. द्वारकेचंच घ्या. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, शहराचे रस्ते महापालिकेचे, वाहतूक सोडणं पोलिस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे, खांब हलवायचा तर महावितरण, बसथांबा सिटीलिंकचा, रिक्षाथांब्याला आरटीओची मान्यता. पूल बांधायचा असेल तर यातल्या एकाच यंत्रणेचं अंदाजपत्रक पुरतं, एक निविदा, एक ठेकेदार, एक भूमिपूजन. उजवं वळण बंद करून पलीकडे यू-टर्न द्यायचा असेल, तर खर्च त्याच्या कितीतरी कमी, पण सहा खात्यांना एकाच आठवड्यात हलावं लागतं. काम स्वस्त असलं की अवघड का होतं, याचं कारण इथे सापडतं.

इंदिरानगर बोगद्याची कथा त्याच जातीची. महामार्गाखालचा हा अरुंद रस्ता इंदिरानगर आणि गोविंदनगरला जोडतो. दोन्ही बाजूंनी गाड्या घुसून तो तुंबायला लागला तेव्हा वाहतूक पोलिसांनी तो एकेरी करून पाहिला. तांत्रिकदृष्ट्या प्रयोग अगदी बरोबर होता. पण परतीचा वळसा लांब पडला आणि रहिवाशांनी विरोध केला. वळसा द्यायचा तर तो किती मीटरचा, त्यावर दिवे आहेत का, रात्री बाई एकटी स्कूटरवरून तिथून जाईल का, हे प्रश्न बोगद्याच्या तोंडावर बॅरिकेड लावण्याआधी विचारायचे असतात. पोलिसांकडे शिट्टी आणि बॅरिकेड असतं, डांबर आणि दिवे नसतात. शेवटी गाडी बोगदा रुंद करण्यावर आली, म्हणजे पुन्हा बांधकामावर.

यू-टर्नच्या रचनेचा खरा शत्रू मात्र दुसराच आहे आणि तो नाशकात मुबलक आहे, राँग साइड. दुभाजकातलं पंक्चर बंद केलं आणि पुढचं वळण अर्ध्या किलोमीटरवर ठेवलं की दुचाकीवाला पेट्रोल जाळत तेवढं जात नाही, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर उलटा येतो. मिशिगनच्या आराखड्यात ही शक्यता धरलेली नाही, आपल्याला ती धरावीच लागेल. म्हणून बाहेरची रचना जशीच्या तशी उचलून इथे ठेवता येत नाही. अंतर कमी ठेवावं लागेल, वळणाची जागा ट्रॅक्टर-ट्रॉली फिरेल एवढी लागेल, आणि पायी ओलांडणाऱ्यासाठी मधे थांबायला सुरक्षित बेट लागेल. नाशिक फर्स्ट ही संस्था शहरात मुलांसाठी ट्रॅफिक पार्क चालवते, तिथे पोरं छोट्या रस्त्यांवर सिग्नल पाळायला शिकतात. त्याच पोरांना घेऊन बाप परत निघतो तेव्हा कोणत्या बाजूनं निघतो, हे बघण्यासारखं असतं.

चौकाची किंमत कधी कधी फार भयंकर पद्धतीनं कळते. ८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी प्रवासी बस त्या वेळच्या औरंगाबाद रस्त्यावर, नांदूर नाक्याजवळच्या मिरची हॉटेल चौकात मालवाहू ट्रकवर आदळली. बसनं पेट घेतला. किमान बारा प्रवासी जळून गेले. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे घटनास्थळी आले, शहरातले ब्लॅक स्पॉट शोधायचे आदेश निघाले, चौकातली अतिक्रमणं निघाली, गतिरोधक बसले. जे दिसण्याच्या आड येत होतं ते अपघातानंतर काही दिवसांत हटलं, म्हणजे ते आधीही हटू शकत होतं.

ब्लॅक स्पॉटची केंद्र सरकारची व्याख्या अशी आहे: राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जणांचा जीव गेला. व्याख्या सुटसुटीत आहे, पण तिच्यात बसायला चौकाला आधी माणसं मारावी लागतात. पर्यायी रचनांची तुलना करणारी पद्धत उलट दिशेनं चालते, चौकाच्या रेषा बघून अपघात होण्याआधी अंदाज बांधते. आणि गतिरोधकांचं म्हणाल तर त्यांनाही मापं आहेत: १७ मीटर त्रिज्येचा कमानीसारखा उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. या मापाचा गतिरोधक नाशकात सापडला तर त्यावर फलक लावावा.

नाशकाला प्रयोग करून बघणं आणि चुकलं तर सुधारणं जमतच नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. सिंहस्थ कुंभमेळ्यानं हे शहराला शिकवलं आहे, आणि जबर किंमत घेऊन शिकवलं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीतल्या सरदार चौक परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. अरुंद उतार आणि एकाच जागी आलेली गर्दी. तोही शेवटी चौकच, फक्त वाहनांऐवजी माणसांचा. २०१५ला प्रशासनानं इतकी धास्ती घेतली की २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला लोकांना शहराबाहेर गाड्या ठेवून मैलोन्‌मैल चालावं लागलं, जागोजाग बॅरिकेड, आणि गोदाघाटावर अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी माणसं. ओरड झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला गेला, वाटा मोकळ्या झाल्या आणि गर्दीही आली. पंधरा दिवसांत एक आराखडा लावला, पाहिला आणि बदलला. हे एरवीच्या दिवसांत का होत नाही? कदाचित पर्वणीला सगळ्या खात्यांचा एकच मालक असतो म्हणून.

मुंबईत अशा तात्पुरत्या प्रयोगांना एक पद्धत मिळाली. वांद्र्याच्या एचपी पेट्रोल पंपाजवळच्या चौकात महापालिका, वाहतूक पोलिस आणि रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थांनी आधी फक्त रंग आणि प्लास्टिकचे शंकू वापरून नवी रचना आखली. कोपरे आत घेतले, ओलांडायचं अंतर कमी केलं, मोजलं. नाशिकच्या स्मार्ट सिटीनं अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या ‘स्मार्ट रोड’वर बरोबर उलटं केलं. थेट काँक्रीट. रस्ता महिनोन्‌महिने खणलेला राहिला, मुदत उलटून गेली, व्यापारी वैतागले. त्यावरच्या मेहेर आणि सीबीएस चौकांचे कोपरे कसे असावेत हे आधी खडूनं आखून बघितलं असतं, तर निदान चुका पुसता आल्या असत्या.

काँक्रीट पुसता येत नाही, ते पाडावं लागतं. पुणे विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २००६मध्ये झाले आणि २०२०मध्ये पाडले, कारण तिथूनच मेट्रो आणि दुमजली पूल न्यायचा ठरला. चौदा वर्षं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला, तेव्हा टीव्हीवर उलटी गणती चालू होती. ऑगस्ट २०२३मध्ये तिथलं नवं जाळं खुलं झालं आणि पुढचे काही दिवस पुणेकर कोथरूडला जायला निघून भलत्याच रॅम्पवरून भलतीकडेच उतरत होते. नवी रचना कितीही चांगली असली तरी फलक लहान असला की ती फसते, हा धडा चांदणी चौकानं फुकटात दिला.

नाशिकचंही द्वारकेसाठी कागदावर बरंच काही पाहून झालंय. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. त्याच वर्षी द्वारका ते नाशिकरोड दुमजली पुलाची चर्चा रंगली. निओ धावली नाही आणि दुमजली पूल तिच्याबरोबर रेंगाळला. आता २०२७चा सिंहस्थ समोर दिसू लागल्यावर २०२५मध्ये द्वारकेचं वर्तुळ हटवण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि भुयारी रस्त्याची आखणी पुढे सरकली. कदाचित तोच योग्य पर्याय असेल. द्वारकेची गर्दी पाहता दहा हजारांचा उंबरठा तिनं ओलांडला असेल यात नवल वाटायला नको. फक्त त्याच्या शेजारी ठेवलेले नाकारलेले पर्याय आणि नाकारण्याची कारणं नागरिकांना वाचायला मिळाली, तर खणलेल्या रस्त्याला नावं ठेवणारा निम्मा आवाज आपोआप कमी होईल.

जुने चौक दुरुस्त करणं महाग असतं, कारण तिथे दुकानं, देवळं, पुतळे आणि मतं आधीच बसलेली असतात. सिंहस्थाच्या निमित्तानं होऊ घातलेल्या बाह्य वळणरस्त्याचं तसं नाही. साठ किलोमीटरहून लांब असा हा रस्ता दिंडोरी, पेठ, त्र्यंबक, मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारे रस्ते ओलांडल्याशिवाय पुरा होऊच शकत नाही. तिथे आज बहुतेक ठिकाणी द्राक्षाच्या बागा, ऊस आणि मोकळं रान आहे. वर्तुळाला गोल आणि ऐसपैस जागा लागते, यू-टर्नच्या रचनेला दुभाजक रुंद लागतो, भुयारी रस्त्याला उताराची लांबी लागते. चौकाची रचना निविदेच्या वेळी ठरते असं आपल्याला वाटतं. ती त्याच्या कितीतरी आधी, तलाठ्याच्या सातबाऱ्यावर आणि भूसंपादनाच्या मोजणीत ठरते. कोणत्या गटातून किती गुंठे घ्यायचे याच्या खुणा एकदा शेतात पक्क्या झाल्या की मग इंजिनिअरला त्या खुणांच्या आत बसेल तोच चौक काढावा लागतो.